सुतळीच्या मार्फत

सुतळी गेली ती सकाळी दहाच्या सुमाराला, दुकानातच, हिरव्या मखमलीच्या गठ्ठ्यावर. मास्तर त्या वेळी एका दातांच्या डॉक्टरची खुर्ची मढवत होते आणि त्यांच्या ओठांत दहा-बारा खिळे होते. खुर्च्यांना कापड बसवणारा कारागीर तुम्ही कधी कामात पाहिला असेल, तर हे ठाऊक असेल. ही माणसं खिळे तोंडात धरतात, एकेक जिभेनं पुढे सारतात, हातोडीच्या चुंबकी टोकावर घेतात आणि ठोकतात. त्यामुळे दिवसातले सहा-सात तास यांना बोलताच येत नाही. मास्तरांनी सहज मान वळवून पाहिलं, तर मांजरीचं पोट हलत नव्हतं. त्यांनी हातोडी खाली ठेवली, एकेक करत सगळे खिळे तोंडातून काढून वाटीत टाकले, जवळ जाऊन हात लावला. अंग अजून कोमट होतं, पण मान भलतीकडे पडली. आणि त्या क्षणी पहिला विचार मनात काय यावा? दुःखाचा नाही. पहिला विचार असा आला, की हे वर सांगायला हवं. सुतळीला हाक मारू.

इथंच सगळं घोडं अडलं. कारण त्या घरात खालची गोष्ट वर आणि वरची खाली जायची ती सुतळीच्या मार्फत. गेली नऊ वर्षं. नवरा-बायको बोलत नव्हते असं म्हणाल तर ते खोटं होईल, दोघं भरपूर बोलायची. पण बोलायची ती मांजरीशी. बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून म्हणायची, सुतळे, त्यांना सांग जेवण झालंय. मांजर जिन्यात कुठंतरी अंग चाटत बसलेली असायची. खालून मास्तर म्हणायचे, सुतळे, सांग, चार खिळे ठोकतो आणि आलोच. मांजरीनं कान हलवला तर हलवला. काम झालं.

आता हे एवढं ऐकून तुम्ही हसाल, हसा. सगळी गल्ली हसायची. पण गंमत अशी, की दोघं माणसं म्हणून वाईट नव्हती. मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत, गळ्यात कायम मोजायची फीत असायची म्हणून लोकांनी दिलेलं नाव. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. बायको टपाल कचेरीत तीस वर्षं पत्रं लावायच्या खात्यात होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. गल्लीतले टारगट म्हणायचे, बाईंनी गावभरची पत्रं बिनचूक पोचवली आणि स्वतःच्या घरचं टपाल मात्र मांजरीवर सोपवलं. बाईंच्या कानावर हे जायचं. त्या नाक उडवायच्या, बस.

सुतळी आली होती एका सोफ्यातून. वकिलाचा सोफा दुरुस्तीला आला, मास्तरांनी तो पालथा घालून खालचं अस्तर फाडलं, तर काथ्याबरोबर एक मूठभर पिल्लू बाहेर पडलं. काथ्या कुठला आणि मांजर कुठली, हे ते हललं तेव्हा कळलं. वकिलाला विचारलं, तर सोफा माझा आहे, मांजराबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, असं त्यानं कोर्टात सांगावं तसं सांगितलं. राहिली मग ती. अंगाचा रंग तागाच्या सुतळीचा आणि दिवसभर सुतळीच्या गुंड्यात पाय अडकवून घ्यायची सवय, तेव्हा नावासाठी कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

पण टपालाची नोकरी तिला लागली ती वर्षभरानं, आणि ती लागली मास्तरांच्या हौसेपायी.

मास्तरांच्या सासऱ्यांची एक खुर्ची होती. जड लाकडाची, हातांची, बुटकी. म्हातारा त्या खुर्चीत तीस वर्षं बसला. त्यांचं उजवं कंबरडं दुखायचं म्हणून ते डावीकडे रेलून बसायचे, त्यामुळे बैठकीला डावीकडे चांगला खोल खळगा पडला होता. ते गेल्यावर खुर्ची लेकीकडे आली. लेक तिच्यात कधी बसली नाही. येता-जाता नुसता खळग्यात तळवा ठेवायची आणि कामाला लागायची. मास्तर हे पाहायचे, पण त्यांना दिसायचं ते वेगळंच. त्यांना दिसायच्या बसलेल्या स्प्रिंगा, सैल पडलेले पट्टे, कोपऱ्यातून डोकावणारा काथ्या. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरात ही असली खचलेली खुर्ची, लोक काय म्हणतील, हे त्यांना खायचं.

मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा बायको तिची सोय लावायला आठ दिवस तिच्याबरोबर गेली. मास्तरांना संधी मिळाली. त्यांनी खुर्ची खाली नेली, सांगाड्यापर्यंत उसवली, नव्या स्प्रिंगा बसवल्या, दाट फोम घातला, वर गडद तांबडं कापड असं ताणून बसवलं की नाणं टाकलं तर उडावं. जुना काथ्या आणि चिंध्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. आयुष्यातलं सर्वांत सुरेख काम केलं त्यांनी ते, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको परत आली. पिशवी खाली ठेवली. सवयीनं तिचा हात खुर्चीकडे गेला आणि ताठ बैठकीवर आपटला.

"कुठाय?" ती म्हणाली.

"काय कुठाय?" मास्तर हसत म्हणाले, कारण त्यांना वाटलं ती चकित झाली आहे.

त्यानंतर नऊ वर्षं ती दोघं एकमेकांशी थेट बोलली नाहीत.

पहिले चार दिवस घरात ठार शांतता. असे अबोले संसारात होतात, त्याचं काही नाही, पण मधे बोलायला पूर्वी लेक असायची, ती आता नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी बायको खिडकीत बसलेल्या मांजरीला म्हणाली, सुतळे, तुझ्या मास्तरांना सांग, दूध संपलंय. मास्तरांनी क्षणभर इकडे-तिकडे पाहिलं आणि मांजरीला म्हणाले, सांग, आणतो. दोघांनाही हायसं वाटलं. आठवड्याभरात मिटेल असं दोघांनाही वाटलं असणार. पण मिटवायचं कुणी? मांजरीच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, ही म्हण त्या घराइतकी कुठंच लागू पडली नसेल. वर्षाभरात भांडण मरूनही गेलं, पण त्याची सवय तेवढी राहिली. आणि सवय सोयीची असली की ती सोडायला कारण लागतं.

बरं, मांजरीपाशी बोलता येत नाही असं काही नसतं, हेही हळूहळू कळत गेलं. लेकीचं लग्न ठरलं ते सगळी चर्चा मांजरीशी करून. मुलगा कसा वाटला, तर सुतळे, त्यांना सांग मला जरा गप्प वाटला. सुतळे, तिला सांग गप्प माणसं काही वाईट नसतात. यावर वरून भांड्यांचा मोठा आवाज. बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र पंचाईत झाली, इस्पितळात मांजर नेता येत नाही. मास्तर तीन दिवस पलंगापाशी स्टुलावर बसून होते, एक शब्द न बोलता. पाणी द्यायचे, उशी सारखी करायचे. उशी सारखी करण्यात त्यांचा हात धरणारा त्या इमारतीत कुणी नव्हता. नर्सला वाटलं यांना वाचा नाही, ती त्यांच्याशी खुणा करायला लागली. घरी आल्यावर मास्तरांनी दार लावलं, सुतळीला उचलून बायकोच्या पलंगावर ठेवलं आणि म्हणाले, "सुतळे, तिला सांग, मी फार घाबरलो होतो." बायकोनं मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यांना सांग, मला दिसत होतं," ती म्हणाली.

तर अशी ही सुतळी. आणि आता ती मखमलीवर मेलेली, आणि ती मेली हे सांगायला ती नाही.

मास्तर त्या दिवशी तीनदा जिना चढले. पहिल्यांदा सातव्या पायरीवरून परतले, कारण तोंड उघडून काय म्हणायचं हेच सुचेना. अगं म्हणावं तर नऊ वर्षांत तो शब्द जिभेवर आला नव्हता. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेले, तर बायको मटार सोलता सोलता काहीतरी गुणगुणत होती, तिला तोडावंसं वाटेना. तिसऱ्यांदा ते मांजरीला दोन्ही हातांवर घेऊन गेले आणि दारात उभे राहिले. बायकोनं मान वर न करता, रोजच्यासारखं म्हटलं, "सुतळे, त्यांना सांग, चहाला थोडा उशीर आहे, दूध आत्ता ठेवलंय."

मग तिनं मान वर केली. शेंग हातात तशीच राहिली. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, आणि मांजरीला त्यांच्या हातांतून घेऊन जमिनीवर बसली. मागे शेगडीवर दूध उतू गेलं. दोघांनी ते जाताना पाहिलं आणि दोघंही हलली नाहीत.

गुंडाळायला मास्तरांनी तीच हिरवी मखमल कापून आणली. बायकोनं ती बाजूला ठेवली, स्वतः खाली गेली आणि कोपऱ्यातलं तागाचं जाडंभरडं कापड घेऊन आली, गोणपाटाच्या जातीचं. मास्तर गोंधळले. एवढ्या लाडक्या मांजरीला गोणपाट? का, हे विचारावंसं वाटलं. विचारायचं कुणामार्फत? दोन दिवसांनी त्या कापडाच्या उरलेल्या टोकावर त्यांना ओरखडे दिसले, निघालेले धागे दिसले, आणि मग आठवलं, की सुतळी नखं घासायची ती फक्त त्या कापडावर. इतका वेळ ते आपल्याला का आठवलं नाही, म्हणून ते स्वतःवरच चिडले. मागच्या अंगणात, मोडक्या सांगाड्यांच्या पलीकडे, त्यांनी खड्डा खणला. जमीन कडक होती, पहार आत जाईना. बायको बादली घेऊन आली आणि न सांगता पाणी ओतत राहिली. माती भिजेपर्यंत दोघं थांबली. मग तिला ठेवलं.

त्यानंतर जे पंधरा दिवस गेले त्यांचा विचका मी काय सांगू. दूध संपलं तर दोघंही आणायला गेली आणि घरात दूधच दूध झालं. एका दुपारी मास्तरांना वाटलं बायको जेवायची थांबली असेल, तिला वाटलं ते काम संपवून येतील, दोघंही चार वाजेपर्यंत उपाशी. मोटर लावली आहे हे कुणी कुणाला सांगितलं नाही, टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यावरून दुकानात आलं आणि नव्या फोमचे तीन तुकडे भिजले. मास्तर संतापून जिन्यात आले आणि ओरडले, "सुतळे, तिला सांग, डोळे आहेत का..." आणि मधेच थांबले. जिन्यात कुणी नव्हतं. वरच्या पायरीवर बायकोच्या पावलांची चाहूल लागली, ती थांबली, परत गेली. भिजलेला फोम पिळत मास्तर कितीतरी वेळ मोरीत बसून राहिले.

चिठ्ठी लिहून पाहावी असंही त्यांच्या डोक्यात आलं. गॅस संपत आला होता. त्यांनी बिलाच्या पाठीमागे लिहायला घेतलं आणि हात आपसूक लिहून गेला, सुतळीस. त्यांनी कागद फाडला. दुसरा घेतला, त्यावर वर काय लिहावं ते सुचेना. तिच्या नावानं हाक त्यांनी लग्नातही मारली नव्हती. तोही कागद फाडला. गॅस दुसऱ्या दिवशी संपला.

पण खरा घोळ झाला तो दातांचा डॉक्टर खुर्ची न्यायला आला तेव्हा. त्यानं मांजर दिसत नाही म्हणून विचारलं, मास्तरांनी सांगितलं गेली, आणि मग माणूस गेल्यावर बोलतात तसे बोलत बसले. म्हणाले, फार शहाणी होती हो. तुमच्या खुर्चीला पांढरं रेक्झिन लावणार होतो, तर म्हणाली, पांढरं नको, दोन महिन्यांत कळा जाईल, राखाडी लावा. डॉक्टर हसला नाही. त्यानं मास्तरांकडे जरा वाकून पाहिलं, दातांकडे बघतात तसं, आणि खुर्ची घेऊन गेला. मास्तर हातोडी हातात धरून उभेच. राखाडी लावा हे मांजर कुठं म्हणाली? मांजर गठ्ठ्यावर झोपली होती. म्हणाली होती ती बायको, जिन्यातून.

मग त्यांनी एकेक आठवण काढून तपासायला घेतली, उसवलेल्या सोफ्यातला माल निवडावा तशी. ताप आला होता तेव्हा, सुतळे, त्यांचं पांघरूण सरकलंय बघ. ही बायको. दाढी वाढली होती तेव्हा, सुतळे, तुझ्या मास्तरांना आरशात बघायला सांग, ग्राहक पळतील. हीही बायकोच. मग मांजरीनं केलं तरी काय? झोपली. चाटत बसली. दहा वर्षांत दोन उंदीर धरले आणि त्यातला एक आधीच मेलेला होता. त्यांच्या पायावर पाय ठेवून बसायची, खिळ्यांच्या वाटीत नाक घालायची, संध्याकाळी दुकान बंद करताना फळीवरून उडी मारून त्यांच्या खांद्यावर यायची. हे तिचं. पण खांद्यावर बसलेली सुतळी आठवली, की लगेच जिन्यातून आवाज यायचा, सुतळे, वर आण त्यांना.

मास्तरांना काही कळेना. डोळे दिवसभर चुरचुरायचे, पण पाणी येत नव्हतं. आपल्याला आठवण येतेय ती मांजरीची, का बायकोची? मांजर गेली, हे तर खरंच. पण बायको तर वर आहे, तिच्या पावलांचा आवाज येतोय, मग तिची आठवण येण्याचं कारण काय? कुणाच्या नावानं रडायचं ते ठरेना, म्हणून रडणंच होईना. आणि यापुढे हे घर असंच राहायचं का, दोन माणसं, चौदा पायऱ्या, आणि मधे कुणी नाही, ही भीती तर दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखीही नव्हती.

शेवटी दोघांनी, एकमेकांच्या नकळत, एकच युक्ती काढली. दोघंही लेकीला फोन करायला लागली. आईला सांग, वायरमन उद्या येणार आहे. बाबांना सांग, त्यांच्या गोळ्या फ्रिजवर आहेत. लेक एका प्रयोगशाळेत नोकरीला, दिवसभर नळ्या आणि काचा, त्यात हे फोन. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस तिनं निरोप पोचवले. सहाव्या दिवशी मास्तरांनी फोन केला आणि म्हणाले, आईला सांग, आज मला भूक नाही.

"बाबा," लेक म्हणाली, "मी मांजर नाहीये."

  मग ती हळू आवाजात म्हणाली, की लहानपणापासून मी तुमच्या दोघांमधे निरोप्याच होते, मी घरातून गेले तेव्हा सुटले असं वाटलं होतं, आता पुन्हा नाही. हवं तर दुसरं पिल्लू आणून देते. मास्तर म्हणाले, नको. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तिला रागवायला हवं होतं की तिची माफी मागायला हवी होती, हेसुद्धा आपल्याला ठरवता आलेलं नाही.

ते तसेच उठले आणि वर गेले. दुपारचे तीन वाजले असतील. हल्ली ते रोज या वेळेला वर जायचे, कारण होतं खुर्ची. सासऱ्यांचीच ती खुर्ची. नऊ वर्षं सुतळी दिवसातला अर्धा वेळ तिच्यात झोपायची, आणि त्या दाट फोमवर डावीकडे थोडासा खळगा पडला होता. चार किलोच्या मांजरीनं तो फोम दबत नाही, हे मास्तर एरवी पैजेवर सांगतील, पण खळगा होता, आणि त्यात तपकिरी केस होते. पंधरा दिवस त्यांनी त्यावरची धूळसुद्धा झटकली नव्हती. नुसतं यायचं, बघायचं, जायचं. कुणी तिथं बसायचं नाही, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

तर वर येऊन बघतात तो काय, बायको त्या खुर्चीत बसली होती. जन्मात जी त्या खुर्चीत बसली नाही ती, अंग सैल सोडून, पाय वर घेऊन, नेमकी डावीकडे रेलून. मांडीवर पेपर.

"तू त्या खळग्यात बसलीस?" मास्तरांच्या तोंडून निघालं.

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं. बायकोलाही कळलं. तिनं पेपर घडी करून बाजूला ठेवला, घाईनं नाही.

"खुर्ची आहे. बसायलाच असते."

"सुतळीचा खळगा होता तो." मास्तरांचा आवाज चिरकला. "तुला तर कळायला हवं होतं. तुझ्या वडिलांच्या खळग्यापायी तू नऊ वर्षं माझ्याशी..."

"खळग्यापायी नाही," ती म्हणाली. "तुम्हाला अजून तेच वाटतंय?"

"मग?"

"माणूस जातो, त्याचा खळगाही आज ना उद्या जातो, एवढं मलाही कळतं हो. तुम्ही मला विचारलं नाहीत. माझ्या बापाची खुर्ची सांगाड्यापर्यंत उसवलीत, आणि एका शब्दानं विचारलं नाहीत, करू का म्हणून. आणि त्यानंतर नऊ वर्षं जे जे विचारलंत, ते मांजरीला विचारलंत."

 नऊ वर्षं मास्तरांनी मनातल्या मनात त्या खळग्याची माफी मागितली होती, स्प्रिंगांची, काथ्याची, कचऱ्याच्या गाडीची. ती सगळी भलत्याच पत्त्यावर गेली होती.

"तूही तिलाच सांगायचीस," ते म्हणाले.

"सांगायचे. रोज वाटायचं, आज तुम्ही म्हणाल पुरे आता, इकडे बघ. मग मलाही सोपं वाटायला लागलं." तिनं खुर्चीच्या हातावरचा एक तपकिरी केस उचलला, बोटावर धरला. "बसायचं मला आज नव्हतंच. पण सकाळपासून तिची इतकी आठवण यायला लागली, की कुठं जाऊन बसावं ते कळेना. इथं तिचा वास आहे अजून."

मास्तर खाली जमिनीवरच बसले, खुर्चीच्या पायाशी. फीत गळ्यात तशीच होती.

"मला काही कळत नाहीये," ते म्हणाले. "तिची म्हणून आठवण काढायला जातो, तर तुझाच आवाज ऐकू येतो. पंधरा दिवस रडायला बसतोय, पण कुणासाठी रडतोय तेच कळत नाही. तिच्यासाठी, का तुझ्यासाठी."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत. तिचे डोळे आधीच भरले होते.

"आज तिच्यासाठीच रडा," ती म्हणाली. "मी कुठं गेलेय? मी इथंच आहे."

आणि मग ते रडले. साठीच्या पुढचा माणूस, पोरासारखा, मोठ्यानं, मांजरीसाठी. खाली दुकानात कुणी ग्राहक आला होता, तो दोनदा मास्तर, मास्तर म्हणाला, वरचा आवाज ऐकून घाबरला आणि निघून गेला. बायकोचा हात त्यांच्या डोक्यावर होता, तिचीही टिपं त्यांच्या मानेवर पडत होती. 

रडणं ओसरल्यावर मास्तरांनी बाहीनं नाक पुसलं. आता काहीतरी विचारायला हवं, एवढं त्यांना कळत होतं, पण नऊ वर्षांचं विचारायचं साचलेलं, त्यातलं पहिलं कुठलं, ते सापडेना. त्यांनी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"अगं," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांना परक्यासारखा लागला. "तुझे वडील कसे बसायचे गं हिच्यात?"

बायकोनं डोळे पुसले, थोडी सावरून बसली, आणि सांगायला लागली.